काचेवरचा सूर्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बंगळूर येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत माझ्यासारख्या सरकारी नोकराला उभे करण्यात मंडळाने थोडे धाडसच केले आहे. मी शास्त्रज्ञ नाही. बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि नोकरीची बरीचशी वर्षे दप्तर, साठा आणि त्यांच्या नोंदी यांत गेली. तथापि जुन्या वस्तू कशा टिकतात आणि कशा नाहीशा होतात, हे या नोकरीने मला जवळून दाखविले. त्या शिदोरीवर आज काचेवर घेतलेल्या जुन्या शास्त्रीय छायाचित्रांविषयी बोलण्याचे योजिले आहे.

आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे कोडाईकनालला जाऊन आली असतील. तळ्यात नौकाविहार होतो, चॉकलेटची खरेदी होते, धुक्यात फोटो निघतात आणि मंडळी परत फिरतात. गावापासून थोडे वर, सुमारे २३४० मीटर उंचीवर, सूर्याची वेधशाळा आहे, तिच्याकडे वळणारे थोडेच. या वेधशाळेत १९०४ सालापासून, आकाश निरभ्र असेल त्या दिवशी, सूर्याचे छायाचित्र घेण्याचा परिपाठ चालत आला. दोन महायुद्धे झाली, राज्य बदलले, अधिकारी आले आणि निवृत्त झाले. पण सकाळी ऊन पडले की सूर्याचा फोटो घ्यायचा, हा नेम मोडला नाही. त्यांतील कित्येक दशकांची छायाचित्रे काचेवर आहेत. आपल्या घरच्या देव्हाऱ्यातील नित्यपूजेची मला येथे आठवण होते, आणि ती अस्थानी आहे असे वाटत नाही.

ही वेधशाळा निघाली कशासाठी, तेही सांगितले पाहिजे. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. सूर्यावरील डाग कमीअधिक होतात, त्याचा पावसाशी काही संबंध असावा आणि तो सापडला तर दुष्काळाची पूर्वसूचना मिळेल, अशी आशा त्या वेळच्या शास्त्रज्ञांना आणि सरकारला वाटू लागली. सूर्याचा रोजच्या रोज वेध घेण्याचा विचार बळावला तो त्यातून. देहरादूनला १८७८ पासूनच सूर्याची छायाचित्रे काढून ती इंग्लंडला पाठविली जात होती. पुढे शतकाच्या अखेरीस कोडाईकनालची वेधशाळा उभी राहिली. दुष्काळाचे भाकीत त्या काचांनी काही केले नाही. मात्र ज्या प्रश्नांची त्या काळी कोणाला कल्पनाही नव्हती, त्यांची उत्तरे त्या देऊ लागल्या. सूर्यावर सुमारे अकरा वर्षांचे डागांचे चक्र चालते. एका माणसाच्या उभ्या नोकरीत अशी फार तर तीन चक्रे बघायला मिळतात. कोडाईकनालच्या संग्रहात दहा चक्रे आहेत. कृत्रिम उपग्रह सूर्याच्या अतिनील किरणांचे मोजमाप करू लागले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी ते किरण किती कमीअधिक होत होते, याचा अंदाज आज कॅल्शियमच्या प्रकाशात घेतलेल्या या जुन्या छायाचित्रांवरून बांधतात.

मला आज मुख्यत: हेच सांगायचे आहे. शास्त्रीय छायाचित्राची काच ही शोभेची वस्तू नाही, आठवणही नाही. ते एक मोजमाप आहे, आणि ते कोणत्या कामी येईल हे ते घेणाऱ्याला ठाऊक नसते.

आता काचच का, असे कोणी विचारील. अगदी आरंभीची पद्धत ओल्या काचेची होती. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ती प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, तो चांदीच्या क्षारात बुडवायचा आणि ओला आहे तोवर फोटो काढून धुऊनही घ्यायचा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी आंध्रात गुंटूर येथे मेजर टेनंट यांनी अशा ओल्या काचांवर छायाचित्रे घेतली. भर पावसाळ्यात, तंबूत, चंद्राची सावली निघून जाण्याच्या आत ही सगळी कसरत करायची म्हणजे काय प्रसंग असेल! १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची युक्ती सुचविली आणि पुढच्या दहापंधरा वर्षांत ती सर्वत्र रूढ झाली. आधी तयार केलेली काच पेटीतून कोठेही नेता येऊ लागली, आणि मंद ताऱ्याकडे तासन्‌तास रोखून धरता येऊ लागली. फिल्म पुढे आली तरी ज्योतिषशास्त्राने काच लवकर सोडली नाही, कारण फिल्म आक्रसते, वाकते. काच जशीच्या तशी राहते. दोन ताऱ्यांमधील अंतर केसाच्या जाडीइतक्या फरकाने मोजायचे असेल, तर ज्यावर मोजायचे तेच हलून कसे चालेल?

या विषयाशी आपल्या महाराष्ट्राचा संबंध केवळ ओढूनताणून आणलेला नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावर चढून देश ओलांडून वऱ्हाडाकडे गेली. पुण्यात प्लेगने आणि त्याच्या बंदोबस्ताने जीव मेटाकुटीला आलेले ते दिवस. अशा वेळी विजयदुर्गावर सर नॉर्मन लॉकयर तळ देऊन होते. 'मेल्पोमीन' या आरमारी जहाजावरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. विजयदुर्गाला 'साहेबाचे ओटे' दाखवितात आणि हेलियमचा शोध १८६८ साली तेथेच लागला असे सांगतात. गावाचा अभिमान मी समजू शकतो. पण १८६८ साली लॉकयर हिंदुस्थानात आलेच नव्हते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी ग्रहणाशिवाय सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला तो इंग्लंडमध्ये बसून. ते ओटे १८९८ च्या तळाशी जोडावेत हेच सयुक्तिक. विजयदुर्गाचे महत्त्व त्यामुळे रतिभरही कमी होत नाही.

त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे दोन तळ पडले होते. एक अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या कॅम्पबेल यांचा, चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आलेला. दुसरा आपल्या पुण्याचा, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांचा. हे पारशी गृहस्थ पुण्याच्या सायन्स कॉलेजातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये उभी राहिलेली ही वेधशाळा. तेथील वीस इंची ग्रब दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी. नायगामवालांनी जेऊरच्या वेधांचा स्वतंत्र अहवाल छापला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही मिटली. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर एक संस्था बंद होते, हा प्रकार आपल्याला नवा नाही. उपकरणे कोडाईकनालला गेली.

तिसरे ठिकाण वऱ्हाडातील तळणी. तेथे ॲनी माँडर या बाईंनी लहानशा कॅमेऱ्याने सूर्याच्या कॉरोनाचा, म्हणजे बिंबाभोवती खग्रासाच्या वेळीच दिसणाऱ्या तेजोवलयाचा, एक अतिशय लांब किरणझोत काचेवर टिपला. इतका लांब झोत तोवर कोणाच्या फोटोत आला नव्हता. त्याच तळावर जॉन एव्हरशेड नावाचे एक हौशी निरीक्षक होते. हेच एव्हरशेड पुढे कोडाईकनालला नोकरीस आले, आणि जानेवारी १९०९ मध्ये सूर्यडागाच्या वर्णपटाच्या काचांवरून त्यांनी दाखवून दिले की डागाच्या कडेच्या भागात वायू मध्यापासून बाहेर वाहत असतो. आजही त्या घटनेला जगभर एव्हरशेड परिणाम म्हणतात. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांचे जे काही आज आपल्या हाती आहे, ते काचांवर आहे आणि काचांवरून लिहिलेल्या अहवालांत आहे.

आता परदेशातील एक उदाहरण सांगतो. १९१७ साली कॅलिफोर्नियात माउंट विल्सनच्या वेधशाळेत व्हॅन मॅनेनचा तारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका मंद ताऱ्याच्या वर्णपटाची काच घेतली गेली. पाकिटावर नोंद झाली, पाकीट फडताळात गेले. सुमारे शंभर वर्षांनी जे फरीही नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने एका लेखासाठी ती काच मागविली. वर्णपटात कॅल्शियमच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. हा तारा श्वेतबटू, म्हणजे जळून आटोपलेला घट्ट तारा. अशा ताऱ्याच्या पृष्ठावर कॅल्शियमसारखे जड मूलद्रव्य फार काळ राहू शकत नाही, ते आत बुडते. ते वर दिसते त्या अर्थी बाहेरून काहीतरी सारखे येऊन पडत असले पाहिजे. आणि ते म्हणजे फुटलेल्या ग्रहांचा, लघुग्रहांचा चुरा. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रहमाला असल्याचा हा सर्वांत जुना पुरावा ठरला, आणि ही गोष्ट जाहीर झाली २०१६ मध्ये. पाकिटावर तपशील लिहिणाऱ्या त्या कारकुनी हाताला याची कल्पना कोठून असणार?

आणि आपल्या शेजारचे हैदराबाद? १८८७ मध्ये पॅरिसला एक मोठा संकल्प झाला: साऱ्या आकाशाचे काचांवर छायाचित्र घ्यायचे आणि प्रत्येक ताऱ्याची जागा मोजून छापायची. आकाशाचे पट्टे निरनिराळ्या देशांतील वेधशाळांना वाटून दिले. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने त्यात भाग घेतला. काचा घेणे एक वेळ सोपे. सूक्ष्मदर्शकाखाली एकेका ठिपक्याची जागा मोजून वहीत उतरविणे हे वर्षानुवर्षांचे किचकट काम तेथील माणसांनी केले आणि त्याचे खंड छापले. पुढे कित्येकांनी या साऱ्या प्रकल्पाला वेळेचा अपव्यय म्हटले. पण हिप्पार्कस नावाचा उपग्रह १९८९ ते १९९३ या काळात ताऱ्यांच्या जागा मोजून गेला, तेव्हा तारे किती सरकले हे काढण्यासाठी जुनी जागा हवी होती. ती या खंडांतून मिळाली. २००० साली निघालेल्या 'टायको-२' या सुमारे पंचवीस लाख ताऱ्यांच्या सूचीत हैदराबादच्या मोजणीदारांची मेहनत आहे.

श्रोतेहो, येथवर काचेची थोरवी सांगितली. आता ती कशी वाया जाते ते सांगतो. हा भाग माझ्या धंद्यातला आहे.

काच एकटी मुकी असते. आपण मराठी माणसांना हे समजावण्यास मला पेशवे दप्तराचे उदाहरण पुरे. रुमालात बांधलेली हजारो पत्रे. पत्रावर चंद्र असतो, महिना असतो, पुष्कळदा साल नसते. राजवाडे आणि सरदेसाई यांच्यासारख्यांची किती वर्षे सालांचा मेळ घालण्यात गेली! काचेचेही तसेच. तारीख, वेळ, दुर्बीण, किती वेळ प्रकाश पडू दिला आणि उत्तर दिशा कोणती, हे कळले नाही तर तो नुसता गोल डाग. काच उलटी धरली तर डावे ते उजवे होते, आणि ओळीने मांडलेल्या काचांवर सूर्य उलटा फिरू लागतो! वेळेचा घोळ तर फारच गमतीचा. वहीत 'सकाळी दहा' लिहिले आहे. पण कोणत्या घड्याळाचे दहा? भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली. मद्रासची वेळ तिच्या नऊ मिनिटे मागे, मुंबईची एकोणचाळीस मिनिटे मागे. आणि मुंबईने आपली वेळ हट्टाने १९५५ पर्यंत चालविली. दोन मिनिटांच्या ग्रहणात एकोणचाळीस मिनिटांची चूक म्हणजे काय, ते सांगायला नको. म्हणून माझे मत असे की काचेइतकेच जुने पाकीट आणि नोंदवही यांना जपले पाहिजे. पाकीट आम्लधर्मी, पिवळे पडलेले असेल तर काच नव्या पाकिटात जरूर घालावी. जुने पाकीट मात्र फेकू नये, वेगळे करून क्रमांकानिशी ठेवावे.

काचेवर शाईने केलेल्या खुणांचे काय, हा अधिक अवघड प्रश्न. ५ ऑक्टोबर १९२३ च्या रात्री घेतलेल्या देवयानी तारकाविश्वाच्या काचेवर हबल यांनी नवताऱ्यासाठी 'एन' हे अक्षर लिहिले होते. आधीच्या काचांशी ताडून पाहिल्यावर तो नवतारा नसून ठरावीक तालाने कमीअधिक तेजस्वी होणारा तारा आहे, असे दिसले. त्यांनी 'एन' खोडले आणि बाजूला रूपविकारी या अर्थाची 'व्हीएआर' ही अक्षरे उद्गारचिन्हासह लिहिली. आपल्या आकाशगंगेच्या पलीकडेही विश्वे आहेत, हे त्या खोडलेल्या अक्षरातून सिद्ध झाले. ती शाई कोणी पुसली असती तर? अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत पाच लाखांहून अधिक काचा आहेत. हेन्रिएटा लेव्हिट, ॲनी कॅनन यांसारख्या स्त्रियांनी त्यांच्यावर मोजणी केली. अलीकडे त्या काचा यंत्रावर उतरवून घेताना, शाईने तारे झाकले जातात म्हणून, आधी शाईच्या खुणांचे छायाचित्र घेऊन मग त्या पुसण्यात आल्या. ताऱ्यांच्या अभ्यासकांची निकड मला कळते. तरीही मी त्या समितीवर असतो तर विरोधी टिपणी लिहिली असती.

काचेचे शत्रू पुष्कळ आहेत. दमट हवेत जिलेटिन फुगते, कडेने सुटते, त्यावर बुरशी चढते आणि तो थर कसरीला खाद्य होतो. फोटो धुताना रसायन पुरते निघाले नसेल तर काच पिवळी पडते. हवेतील दूषित वायूंनी आणि हलक्या प्रतीच्या कागदाने चांदी पृष्ठावर येते आणि कडेला आरशासारखी निळसर झाक दिसू लागते. एकावर एक थप्पी लावली की खालच्या काचा तडकतात. म्हणून काचा पुस्तकासारख्या उभ्या, लांब कडेवर ठेवायच्या. पाणी तर वैरीच. जानेवारी २०१६ मध्ये हार्वर्डला पाण्याचा मोठा नळ फुटून तळघरात पाणी शिरले आणि हजारो काचा भिजल्या. बुरशी लागू नये म्हणून त्या गोठवून ठेवाव्या लागल्या.

पण या सर्वांहून भयंकर शत्रू माझ्या पाहण्यात आला आहे, तो म्हणजे निरुपयोगी मालाची यादी. फार वर्षांपूर्वी एका कार्यालयात, नाव घेत नाही, साठा पडताळणीसाठी मी गेलो होतो. जुन्या यादीत एक ओळ होती: 'काचा, जुन्या, वापरलेल्या.' शेरा: 'निर्लेखित.' तपास करता कळले की काचा सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन स्वच्छ केल्या आणि कार्यालयातील सूचनाफलकांच्या चौकटींत बसविल्या. चांगली काच फुकट मिळाली, म्हणून त्या साठापालाला शाबासकीही मिळाली होती. हजेरीच्या तक्त्यावरील काचेच्या एका कोपऱ्यात धुण्यातून सुटलेला नखाएवढा काळसर थर होता आणि त्यात उलट्या अक्षरांत तारखेचे दोन आकडे. महिना आणि साल धुऊन गेले होते. नियमाप्रमाणे पाहिले तर कोणाचीच चूक नव्हती. आमच्या दप्तरी कागदपत्रांची अ, ब, क अशी वर्गवारी असते. काच कागदही नव्हे आणि यंत्रही नव्हे, त्यामुळे तिला वर्गच नव्हता. ज्याला वर्ग नाही त्याला वाली नाही.

आता तरुण मंडळी म्हणतील, 'काका, सगळे संगणकावर उतरवून घ्या, म्हणजे झाले.' उतरवून घ्यावेच. आपल्या याच शहरातील भारतीय खगोलभौतिकी संस्थेने कोडाईकनालच्या शंभर वर्षांच्या छायाचित्रांचे हे काम केले आहे आणि जगातील अभ्यासक त्याचा उपयोग करीत आहेत. परंतु ही गोष्ट ध्यानात घ्या: पहिल्या खेपेस जी प्रत उतरविली ती पुढे अपुरी वाटली, आणि अधिक सूक्ष्म तपशील टिपणाऱ्या यंत्रावर सगळे काम पुन्हा केले. पहिल्या प्रतीनंतर 'आता काचा कशाला' म्हणून कोणी त्या निर्लेखित केल्या असत्या, तर दुसरी प्रत कशावरून काढणार? शिवाय काचांचा पुरवठाही संपला. आकाशाच्या छायाचित्रणासाठी लागणाऱ्या काचा करणे कारखान्यांनी बंद केले. जे आहे तेवढेच आहे.

आपल्यापैकी काहींच्या घरी, विशेषत: ज्यांचे आजोबा रेल्वेत, सर्व्हेत किंवा कॉलेजात होते त्यांच्या माळ्यावर, काचेच्या निगेटिव्हची एखादी पेटी असण्याचा संभव आहे. तीत बहुधा लग्नाचे आणि मुंजीचे फोटो निघतील. पण एखादा पूल बांधताना घेतलेला, एखाद्या धरणाचा, एखाद्या ग्रहणाचाही निघेल. पेटी सापडली तर पाण्याने, ओल्या फडक्याने किंवा तोंडच्या वाफेने काच पुसू नका. मऊ कोऱ्या कुंचल्याने फक्त धूळ झटका. पेटीवर, पाकिटावर जे लिहिले असेल ते प्रथम जसेच्या तसे उतरून घ्या, चुकीचे वाटले तरी. घरात वयोवृद्ध कोणी असतील तर त्यांच्याकडून आजच विचारून घ्या आणि कागदावर पेन्सिलीने लिहा. काचेवर काही लिहू नका. तडकलेली काच चिकटपट्टीने जोडू नका. दोन जाड पुठ्ठ्यांत धरून ठेवा. माळा आणि न्हाणीघराची भिंत या दोन्ही जागा वाईट. आतल्या खोलीतील लाकडी नव्हे, लोखंडी कपाट बरे.

आपल्या एका सभासदांनी मोठ्या विश्वासाने घरच्या दोन काचा आजच्यापुरत्या दिल्या आहेत. एकीवर निळसर झाक आली आहे आणि दुसरी अजून निर्मळ आहे. व्यासपीठाच्या डाव्या बाजूस टेबलावर दिव्यासमोर त्या ठेविल्या आहेत. मंद दिसणारी बाजू चित्राची, तिला बोट लावू नये. हातात घ्यायचीच झाली तर दोन्ही हातांनी कडा धराव्यात, आणि मुलांना जवळ घेऊन दाखवावे.